भट्टी हजाराच्या वर गेली की स्ट्रेनचा नकाशा का नाचतो? सिरॅमिकवरची डीआयसी बिघडते तेव्हा काय तपासायचं

खोलीच्या तापमानाला सगळं ठीक असतं. अ‍ॅल्युमिनाची पट्टी चार-बिंदू वाकवणीत बसवली, बाजूच्या अंगावर स्पेकल, म्हणजे बारीक अनियमित ठिपके, मारले, कॅमेरा लावला आणि लोड दिला की डिजिटल इमेज कोरिलेशनचं, म्हणजे डीआयसीचं, सॉफ्टवेअर आधीच्या-नंतरच्या फोटोंतले ठिपके जुळवून स्ट्रेनचा (लांबीतल्या बदलाच्या प्रमाणाचा) हवा तसा नकाशा काढून देतं. वर दाब, खाली ताण, मधून शून्याची रेघ. भट्टी ७००-८०० °से. वर नेली तरी फारशी तक्रार येत नाही. हजार ओलांडले की नकाशावर डाग उठतात, सबसेट (जुळवणीसाठी चित्राचे पाडलेले छोटे चौकोन) गळू लागतात, आणि १२०० ला तर लोड न देताच पट्टी पाचशे-सहाशे मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीचा दहा लाखावा भाग) ताणल्यासारखी दिसते. भट्टी थंड करून पाहावं तर सगळं पूर्ववत. पुढच्या नमुन्याला पुन्हा तीच रड.

अशा वेळी पहिला हात जातो सॉफ्टवेअरच्या सेटिंगकडे. सबसेट ३१ पिक्सेलचा ५१ करायचा, तरी जमलं नाही तर ८१, मग स्ट्रेनची खिडकी (जेवढ्या भागावरून स्ट्रेन काढतात तो) वाढवायची, वरून गुळगुळीत करणारा फिल्टर चढवायचा. नकाशा दिसायला बरा होतो, पण चूक कुठेच जात नाही, ती नुसती पसरते. कारण सापडेपर्यंत सबसेटला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. वाकवणीच्या चाचणीत तर मुळीच नाही, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे.

नेहमीची पट्टी ३ × ४ × ४५ मिमीची. खालचे आधार ४० मिमी अंतरावर, वरचे २० मिमीवर. कॅमेऱ्यात ४० मिमी लांबी ४००० पिक्सेलवर बसवली तर एक पिक्सेल म्हणजे १० मायक्रॉन, आणि पट्टीची ३ मिमी उंची म्हणजे फक्त ३०० पिक्सेल. आता स्ट्रेस २०० मेगापास्कल आणि तापलेल्या अ‍ॅल्युमिनाचा यंगचा मापांक, म्हणजे ताठपणा, ३२० गिगापास्कल धरा. बाहेरच्या कडेला स्ट्रेन येतो सुमारे ६०० मायक्रोस्ट्रेन. म्हणजे वरून खाली ३०० पिक्सेलमध्ये तो उणे ६०० पासून अधिक ६०० पर्यंत बदलतो. ८१ पिक्सेलचा सबसेट या उंचीचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एका घासात गिळतो. त्यातून शून्याची रेघ कशी शोधणार?

धातूच्या तन्यता चाचणीत दोन-चार टक्के स्ट्रेन असतो, तिथे पाचशे मायक्रोस्ट्रेनची गडबड झाकली जाते. सिरॅमिकमध्ये मोजायची गोष्ट आणि चूक एकाच मापाची असतात. म्हणून इथे चुकीचं मूळ शोधण्याला पर्याय नाही.

आधी दोन प्रतिमा-संच घ्या

भट्टी चाचणीच्या तापमानाला स्थिर होऊ द्या. नमुना जागेवर, लोड फक्त आधार टेकतील इतका.

पहिला संच: दिवा बंद करा. एक्स्पोजर, अ‍ॅपर्चर, फिल्टर काहीही न बदलता दहा-वीस फ्रेम घ्या. चित्र काळं आलं तर नमुन्याची स्वतःची चमक हा तुमचा प्रश्न नाही, पुढे चला. दिवा बंद असूनही पट्टी दिसत असेल, तर दिवा चालू असतानाच्या सरासरी ग्रे लेव्हलशी तुलना करा. माझी ढोबळ मर्यादा दहा टक्क्यांची आहे. त्याच्या वर गेलं की आधी चमकेचा बंदोबस्त, बाकी सगळं नंतर.

दुसरा, स्थिर संच: दिवा चालू, लोड तोच, आणि चार-पाच मिनिटांत पसरलेल्या शंभर-दोनशे फ्रेम. पहिली फ्रेम संदर्भ धरून डीआयसी चालवा. स्ट्रेनचा नकाशा उघडूच नका. विस्थापन पाहा, आणि ते काळानुसार कसं हलतं ते पाहा. काहीच हलायला नको असताना जे हलतंय, त्याच्या चालीवरून चोर ओळखता येतो.

प्रत्येक सबसेट आपापला थरथरतोय, शेजाऱ्याशी काही संबंध नाही, अशी चाल असेल तर प्रकाश कमी पडतोय किंवा चमकेने कॉन्ट्रास्ट खाल्लाय. शेजारचे पन्नास-शंभर पिक्सेल एकत्र डोलतायत, लाटेसारखे सरकतायत आणि सेकंदभरात चाल बदलतायत, तर ती तापलेली हवा. अख्खी फ्रेम एकजात हलतेय तर कंपन. केंद्रापासून बाहेर सगळीकडे सारखं फुगतंय, हळूहळू आणि एकाच दिशेने, तर नमुना कॅमेऱ्याकडे सरकतोय किंवा कॅमेराच तापतोय. आणि चढउतार ठरावीक ठोक्याने येत असतील तर भट्टीच्या कंट्रोलरकडे बघा.

दोन-तीन चोर एकत्र असणं हेच बहुतेक वेळा खरं निघतं. तरी त्यातला मोठा कोण, हे या एका तपासणीत कळतं.

चमक: डोळ्याला दिसते त्यापेक्षा सेन्सरला जास्त दिसते

१२०० °से. ला नमुना डोळ्याला पिवळसर नारिंगी दिसतो. त्याच्या प्रारणाचं शिखर मात्र २ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पार अवरक्तात असतं. आपल्याला दिसते ती त्या डोंगराची शेपटी. ही शेपटी निळ्या बाजूला किती झपाट्याने खाली येते ते प्लांकच्या सूत्रात आकडे टाकून पाहा. याच तापमानाला ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ४५० च्या निळ्यापेक्षा सव्वाशे पट जास्त प्रारण असतं. १००० नॅनोमीटरला तेच जवळपास २८०० पट होतं. म्हणून निळा एलईडी आणि त्याच पट्ट्याचा बँडपास फिल्टर ही जोडी आता सर्रास वापरली जाते, आणि ती बरोबरच आहे.

घोटाळा होतो फिल्टर निवडताना. सिलिकॉनचा सेन्सर ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. निळ्या रंगाच्या साध्या काचेच्या फिल्टरांपैकी अनेक ७०० नॅनोमीटरच्या पुढे पुन्हा उघडतात. डोळ्याला फिल्टर गडद निळा दिसतो, आपण निर्धास्त होतो, आणि अवरक्त मागच्या दाराने आत येतं. हजारात एक भाग जरी १००० नॅनोमीटरजवळ गळला, तरी त्या २८०० च्या हिशेबाने तो निळ्या पट्ट्यातल्या चमकेला सहज मागे टाकू शकतो. सिलिकॉनची संवेदनशीलता तिथे कमी असते हे धरूनही. त्यामुळे फिल्टरचा पारगमन-आलेख ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहिल्याशिवाय तो लेन्सवर चढवू नका. आलेख मिळत नसेल तर सोबत अवरक्त अडवणारा शॉर्टपास फिल्टर लावा. दिवा बंद ठेवून घेतलेल्या संचात फरक लगेच दिसतो. मोठ्या कोनाने बघणाऱ्या लेन्सपुढे इंटरफेरन्स फिल्टर लावला तर कडेला त्याचा पट्टा निळ्याच्याही अलीकडे सरकतो आणि चित्राचे कोपरे काळवंडतात, तेही लक्षात असू द्या.

दिवा बंद असतानाची प्रतिमा चालू असतानाच्या प्रतिमेतून वजा करायची, हा उपाय बरेच जण सुचवतात. त्याने चमकेची सरासरी जाते, पण तिच्यासोबत आलेला फोटॉनचा गोंगाट जात नाही. शिवाय सेन्सरची भरण्याची क्षमता चमकेनेच वापरून टाकलेली असते. सॉफ्टवेअरमधला नॉर्मलाइज केलेला कोरिलेशन निकष उजेडातला सरसकट चढउतार तसाही सांभाळून घेतो. पिक्सेल सॅच्युरेट झाला असेल तर मात्र त्याच्याही हातात काही उरत नाही.

आता एक गोष्ट जी पहिल्यांदा पाहताना चक्रावून टाकते. पांढऱ्या अ‍ॅल्युमिनावर काळे ठिपके मारलेत. तापमान वाढत जातं तसे ठिपके आधी फिकट होतात, मग नाहीसे होतात, आणि आणखी तापवलं की उलटे उगवतात: ठिपके उजळ, पार्श्वभूमी गडद. पेंट उडाला असं वाटतं, पण तो जागेवरच असतो. जो पृष्ठभाग प्रकाश जास्त शोषतो तोच तापल्यावर जास्त उत्सर्जित करतो, हा किर्खहॉफचा नियम तुमच्या डोळ्यांसमोर घडतोय. परावर्तित प्रकाशात काळा असलेला ठिपका स्वतःच्या चमकेत उजळ असतो. दोन्ही जिथे बरोबरीला येतात त्या तापमानाला कॉन्ट्रास्ट शून्य होतो आणि सबसेट घाऊक गळतात.

मात्र हे उलटणं दिसतं ते नमुना उघड्यावर, इंडक्शनने किंवा लेसरने तापवलेला असतो तेव्हा. चहूबाजूंनी सारख्याच तापलेल्या बंद भट्टीत तसं होत नाही. तिथे काळा ठिपका जितकं जास्त उत्सर्जित करतो, तितकंच पांढरा पृष्ठभाग भिंतींचं प्रारण जास्त परावर्तित करतो. बेरीज दोन्हीकडे सारखी येते आणि नमुना भिंतीत विरघळल्यासारखा दिसतो. म्हणून बंद भट्टीत कॉन्ट्रास्ट फक्त बाहेरून टाकलेल्या प्रकाशाचाच. तो प्रकाश चमकेवर मात करेल इतका प्रखर हवा, दुसरा मार्ग नाही. एलईडी सतत चालवण्याऐवजी कॅमेऱ्याशी जुळवून स्पंदात चालवला तर थोड्या वेळात बराच उजेड मिळतो आणि एक्स्पोजर आखूड झाल्यामुळे चमक कमी गोळा होते.

भट्टीच्या तापत्या मूलकांकडेही (हीटिंग एलिमेंटकडेही) बघा. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे मूलक नमुन्यापेक्षा बरेच जास्त तापलेले असतात. त्यांचं प्रतिबिंब पॉलिश केलेल्या पट्टीवर पडलं तर चित्रात एक उजळ पट्टा येतो जो नमुन्यासोबत हलत नाही. डीआयसीला तो पट्टाही स्पेकलसारखाच वाटतो, आणि त्या जागी विस्थापन शून्याकडे ओढलं जातं. नमुना थोडा वळवा किंवा मूलकाच्या आणि त्याच्या मध्ये सिरॅमिकचा आडोसा ठेवा.

१२०० ला जमलेला बंदोबस्त १५०० ला पुरत नाही, याचंही आश्चर्य वाटून घेऊ नका. एवढ्या फरकात ४५० नॅनोमीटरची चमक सुमारे चाळीस पट वाढते. तिथे अतिनील वापरावं लागतं. १५०० ला ३६५ नॅनोमीटरवर चमक ४५० च्या तेविसाव्या हिश्शाएवढी असते, म्हणजे १२०० ला निळ्या प्रकाशात जेवढी होती त्याच्या दुपटीच्या आत. अतिनील प्रकाशातली डीआयसी २०१४ साली बर्क आणि लॅम्ब्रोस यांनी मांडली ती याच अडचणीवर. फक्त पेंट तपासून घ्या. टायटेनियाचा पांढरा रंग ३६५ नॅनोमीटर शोषतो, त्यामुळे डोळ्याला लख्ख पांढरी दिसणारी पार्श्वभूमी कॅमेऱ्याला काळी दिसते आणि काळे ठिपके तिच्यात बुडून जातात. अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियाचा पांढरा वापरा. आणि डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवाच.

हवा: भट्टीतली कमी त्रास देते, बाहेरची जास्त

हवेचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाला १ पेक्षा सुमारे ०.०००२७ ने जास्त असतो. १२०० °से. ला हा फरक ०.००००५ च्या आसपास येतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण समजा गरम-थंड हवेची सीमा १० मिमी जाडीची आहे आणि प्रकाश तिच्यातून ५० मिमी जातो. किरण सुमारे ०.००११ रेडियनने वळतो. ती सीमा नमुन्यापासून ५० मिमीवर असेल तर नमुना ५५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या मांडणीत साडेपाच पिक्सेल, सरकल्यासारखा दिसतो. पट्टीचं मधोमध एकूण सात पिक्सेल वाकण मोजायचंय आणि हवाच साडेपाच पिक्सेल खाते.

या हिशेबातली शेवटची पायरी नीट पाहा. दिसणारं सरकणं म्हणजे वळण्याचा कोन गुणिले नमुन्यापासूनचं अंतर. नमुन्याला चिकटलेली गरम हवा त्यामुळे फारसा त्रास देत नाही. खरा त्रास भट्टीच्या खिडकीबाहेर उठणारी कोमट हवा देते, कारण ती नमुन्यापासून लांब असते. भट्टीचं आतलं तापमान कितीही एकसारखं करा, बाहेरचा झोत तसाच राहिला तर डोलणं थांबत नाही.

सगळ्यात वाईट मांडणी म्हणजे भिंतीला नुसतं भोक आणि त्यात काच नाही. त्या भोकाच्या वरच्या अर्ध्यातून गरम हवा बाहेर पडते, खालच्या अर्ध्यातून थंड हवा आत शिरते, आणि दोघींची सीमा नेमकी तुमच्या दृष्टिरेषेवर. स्थिर संचात हे ओळखता येतं: चित्राच्या आडव्या पट्ट्यात उभं विस्थापन सगळ्यात जास्त, आडवं त्यामानाने कमी. भोक फ्यूज्ड सिलिकाच्या काचेने बंद करा. मग काचेच्या बाहेरच्या तोंडावरून, दृष्टिरेषेला काटकोनात, हवेचा सपाट झोत मारा. झोत भट्टीत जाता कामा नये, नाहीतर नमुन्याचं तापमानच हलेल. साधा पंखाही चालतो. मोठे संथ भोवरे मोडून लहान आणि जलद होतात आणि एक्स्पोजरच्या आतच त्यांची सरासरी निघते.

इथे चमक आणि हवा यांच्या उपायांत भांडण आहे. चमकेला आखूड एक्स्पोजर मानवतं. हवेला लांब. आखूड एक्स्पोजर प्रत्येक भोवरा गोठवून दाखवतो. तोडगा असा: एक्स्पोजर आखूडच ठेवा, लोडच्या प्रत्येक टप्प्यावर भरपूर फ्रेम घ्या, प्रत्येकीचं विस्थापन वेगळं काढा आणि मग विस्थापनांची सरासरी घ्या. कच्च्या प्रतिमांची सरासरी घेतली तर डोलणाऱ्या ठिपक्यांच्या कडा पुसट होतात. एका सेकंदात शंभर फ्रेम ओढून उपयोग नाही, कारण त्या सगळ्यांत तेच एक-दोन भोवरे असतात. त्याच शंभर फ्रेम मिनिटभरात पसरल्या तर एकमेकींपासून स्वतंत्र होतात आणि सरासरीने चूक खरोखर घटते. मॅग्नेशियावर जलद भेगेची चाचणी असेल तर एवढा वेळ मिळत नाही, हे मान्य. तिथे काच आणि झोत यांवरच भिस्त.

भट्टी हवाबंद असेल तर हेलियम भरण्याचा मोह धरायला हरकत नाही. हवेच्या तुलनेत त्याचा अपवर्तनांक १ ला सुमारे आठ पट जवळ आहे. निर्वात तर आणखी चांगलं, पण मग झिर्कोनिया ऑक्सिजन गमावून करडा पडतो आणि तुमचा कॉन्ट्रास्ट दुसऱ्या वाटेने जातो.

पृष्ठभाग: पेंटचा स्ट्रेन की नमुन्याचा?

स्थिर संच साफ आहे, तरी तासाभराच्या थांब्यानंतर ठिपक्याठिपक्याने सबसेट गळतायत? मग दोष पॅटर्नचा.

ग्राफाइट हवेत पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे जळून जातं. बोरॉन नायट्राइडचा पांढरा थर हवेत हजारच्या आसपास ऑक्सिडाइज होऊन वितळलेला बोरॉन ऑक्साइड होतो आणि वाहतो. काळा कोबाल्ट ऑक्साइड ९०० च्या वर ऑक्सिजन सोडून दुसऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. अ‍ॅल्युमिनावर सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड बऱ्यापैकी टिकते. सिलिकॉन कार्बाइडच्या नमुन्यावर उलट अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियाचे पांढरे ठिपके मारावेत. काचेसारखी फेज (घटक) असलेल्या रिफ्रॅक्टरीत, म्हणजे भट्टीच्या विटांसारख्या उष्णता सोसणाऱ्या मटेरियलमध्ये, ती फेजच पृष्ठभागावर पाझरते आणि वरचे ठिपके तिच्यावर तरंगत सरकतात. तिथे पेंट बदलून काही होत नाही. अशा मटेरियलचा स्वतःचा खडबडीत पोत पुरेसा कॉन्ट्रास्ट देतो का ते आधी पाहा.

जाड थर मारणं ही सर्वात नेहमीची चूक. पांढऱ्या पार्श्वभूमीचा जाड थर वाळताना किंवा तापताना आटलेल्या तळ्यासारखा तडकतो. तडा पेंटमध्ये असतो, डीआयसी तो नमुन्याची भेग म्हणून दाखवते, आणि भेगेच्या वाढीचा छानसा लेख तयार होतो. अ‍ॅल्युमिनाला पार्श्वभूमीची गरजच नाही, तो मुळात पांढरा आहे. नुसते ठिपके मारा, ३ ते ५ पिक्सेलचे, म्हणजे आपल्या मांडणीत ३० ते ५० मायक्रॉनचे.

पडताळणी सोपी आहे. चाचणीच्याच बॅचमधली एक पट्टी रंगवा आणि लोड न देता चाचणीइतकाच वेळ, तितक्याच तापमानाला ठेवा. सुरुवातीची आणि शेवटची प्रतिमा जुळवून पाहा. यात कोरिलेशन टिकलं नाही तर खऱ्या चाचणीत टिकण्याची आशा सोडा.

लेसरने किंवा वाळूच्या माऱ्याने पॅटर्न कोरायचा सल्ला ऐकाल. धातूवर ठीक. सिरॅमिकच्या ताण पडणाऱ्या अंगावर एक ओरखडाही ताकद खाली आणतो, आणि मग तुम्ही मटेरियलची ताकद मोजत नाही, तुमच्या कोरीव कामाची मोजता. पॅटर्न बाजूच्या अंगावरच, आणि खालच्या कडेपासून थोडा वर.

नमुना सरकणं, कॅमेरा तापणं, कंट्रोलरचे ठोके

हे तीन चोर पकडायला सोपे आहेत. एका कॅमेऱ्याच्या मांडणीत नमुना कॅमेऱ्याकडे सरकला की खोटा स्ट्रेन येतो, सरकलेलं अंतर भागिले कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर इतका. अर्ध्या मीटरवरून ०.१ मिमी सरकला तर २०० मायक्रोस्ट्रेन, आडवा आणि उभा सारखाच. टेलिसेंट्रिक लेन्स, जिच्यात अंतर बदललं तरी चित्राचा आकार बदलत नाही, हा चांगला उपाय. ती नसेल तर कॅमेरा लांब न्या आणि जास्त फोकल लांबीची लेन्स लावा, फक्त त्याने हवेतला मार्ग वाढतो हे विसरू नका. दोन कॅमेऱ्यांची मांडणी असेल तर कॅलिब्रेशन त्याच काचेतून करा ज्यातून चाचणी होणार आहे.

कॅमेरा चालू केल्यावर तासभर तसाच चालू द्या. सेन्सर आणि त्याचं माउंट तापताना शंभर मायक्रोस्ट्रेनच्या घरातला खोटा स्ट्रेन दाखवू शकतात. भट्टीचं प्रारण लेन्सवर पडत असेल तर मध्ये भोक असलेला परावर्तक पत्रा ठेवा.

ठोक्याने येणारा चढउतार कंट्रोलरच्या चक्राशी जुळतो का, हे पाहायला पॉवर आउटपुटही फ्रेमसोबत नोंदवा. जुळलं तर चालू-बंद पद्धत सोडून फेज-अँगल नियंत्रण वापरा, किंवा प्रत्येक चक्रात ठरलेल्या क्षणीच फ्रेम घ्या.

आणि संदर्भ प्रतिमा खोलीच्या तापमानाची असेल तर ती लगेच बदला. १२०० पर्यंत अ‍ॅल्युमिना जवळपास एक टक्का प्रसरण पावतो. ४५ मिमीची पट्टी ०.४ मिमीहून जास्त लांब होते, म्हणजे ४० पिक्सेलच्या पुढे. त्या ओझ्याखाली ६०० मायक्रोस्ट्रेन शोधत बसण्यापेक्षा लोड देण्याच्या लगेच आधी, तापमान स्थिर असताना, नवा संदर्भ घ्या. तापवतानाच्या प्रतिमा मात्र टाकून देऊ नका, त्या सगळी मांडणी तपासायला उपयोगी पडतात. दाट पॉलिक्रिस्टलाइन अ‍ॅल्युमिना सर्व दिशांना सारखा फुगतो. आडवा आणि उभा औष्णिक स्ट्रेन जुळायला हवेत, शिअर शून्य यायला हवा, आणि हजारपर्यंतचा सरासरी प्रसरण गुणांक दर अंशाला ८ मायक्रोस्ट्रेनच्या आसपास यायला हवा. आडवा बरोबर आणि उभा चुकीचा आला तर हवा किंवा काच. दोन्ही सारखेच चुकीचे आले तर नमुना पुढे-मागे सरकतोय, किंवा थर्मोकपल नमुन्याऐवजी भट्टीचं तापमान दाखवतंय.

स्ट्रेन मागू नका, वक्रता मागा

एवढं करूनही १२०० ला स्थानिक स्ट्रेनमध्ये शंभर-दीडशे मायक्रोस्ट्रेनचा गोंगाट राहू शकतो. विस्थापनात ०.०१ पिक्सेलची चूक अन् शंभर पिक्सेलची खिडकी, याचा हिशेब तिथेच जातो. पण मापांक किंवा क्रीपचा (लोडखाली हळूहळू होत जाणाऱ्या कायमच्या वाकण्याचा) दर हवा असेल तर स्थानिक स्ट्रेनची गरजच काय? आतल्या २० मिमीत वाकणारा घूर्ण स्थिर असतो, तिथे पट्टी वर्तुळाचा तुकडा होते. आपल्या उदाहरणात त्या भागाची खोली सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे २ पिक्सेल, आणि ती २००० पिक्सेल लांबीवर पसरलेली. शेकडो सबसेटच्या उभ्या विस्थापनावर एकच परवलय बसवा आणि वक्रता काढा. प्रत्येक सबसेटची चूक स्वतंत्र असेल तर उत्तर एका टक्क्याच्या आत येतं. आधारांचं दबणं, यंत्राचं वाकणं, दांड्यांचं प्रसरण यांतलं काहीही या वक्रतेत शिरत नाही. भट्टीत कॅमेऱ्याने मोजण्याचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, रंगीत नकाशे नंतर.

भेगेच्या टोकाभोवतीचं क्षेत्र हवं असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथेही सिद्धांतातलं विस्थापनाचं क्षेत्र थेट प्रतिमेवर बसवणारी पद्धत स्थानिक स्ट्रेनपेक्षा जास्त टिकाऊ उत्तर देते.

तासन्‌तास चालणाऱ्या क्रीपच्या चाचणीत शेवटची एक युक्ती उपयोगी पडते. त्याच सिरॅमिकचा लोड नसलेला तुकडा, तसाच रंगवून, पट्टीच्या शेजारी त्याच फोकसच्या प्रतलात ठेवा. त्याचा क्रीप शून्य आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तो जे दाखवेल ती चूक. कॅमेरा तापण्यासारखा संथ बदल पूर्ण फ्रेमवर सारखा असतो, तो पट्टीच्या आकड्यातून वजा करा. हवेचं डोलणं जागोजागी वेगळं असतं, ते वजा केलं तर चूक कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता जास्त. ते फक्त एरर बार म्हणून आलेखावर दाखवा.